मुद्रणपूर्व फाइल रूपांतर

संगणकावर जुळविलेली नियतकालिकाची पाने छापखान्यातील प्लेट तयार करणाऱ्या यंत्रणेला निःसंदिग्धपणे वाचता येतील अशा स्वरूपात बदलण्याच्या प्रक्रियेला मुद्रणपूर्व फाइल रूपांतर म्हणतात. पानाची मांडणी चालू असताना त्यातील मजकूर, फाँट, छायाचित्रे व रेखाकृती हे घटक पुष्कळदा संगणकात निरनिराळ्या ठिकाणी साठविलेले असतात आणि मूळ फाइलीत त्यांपैकी काहींचा केवळ निर्देश असतो. रूपांतरानंतर हे सर्व घटक एकाच फाइलीत बंदिस्त होतात. प्रत्येकाचे स्थान व आकार निश्चित होतात आणि रंगांचा अर्थ ठरून जातो. हे काम करणाऱ्या आज्ञावलीस रूपांतरक असे म्हणता येईल. कोणता घटक कसा हाताळावा, हे रूपांतरकाला आधी नेमून दिलेल्या सूचनांवरून ठरते. या सूचनांचा समूह म्हणजे निर्देशसंच होय. नियतकालिकाची छपाई बिनचूक व वेळेवर होणे हे बऱ्याच अंशी या निर्देशसंचाच्या योग्य जुळणीवर अवलंबून असते.

सोळा पानी फर्म्यात कागदाच्या प्रत्येक बाजूस आठ पाने येतात. चौरंगी छपाईत प्रत्येक बाजूस चार याप्रमाणे अशा एका फर्म्यास आठ प्लेटी लागतात. म्हणजे ९६ पानांच्या अंकासाठी सहा फर्मे व ४८ प्लेटी होतात. एका पानावरील छायाचित्राचा रंग चुकला, तर त्या बाजूच्या चारही प्लेटी बदलाव्या लागतात व यंत्र थांबवावे लागते. तीच चूक बांधणीनंतर लक्षात आली, तर त्या फर्म्याचा सर्व कागद वाया जातो. उलट रूपांतराच्या वेळीच ती सापडल्यास मूळ फाइलीत थोडी दुरुस्ती पुरते. यावरून निर्देशसंचाचे मूलभूत तत्त्व निघते : अडचण आल्यास रूपांतरकाने मुकाट्याने पर्याय योजून पुढे जाऊ नये, त्याने काम थांबवून अडचण उघड करावी.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : खिळ्यांच्या जुळणीनंतर प्रकाशीय अक्षरजुळणी प्रचारात आली. तेव्हा पानाचे घटक फिल्मवर घेऊन हाताने एकत्र लावीत [⟶ मुद्रण]. जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्के यांनी १९८२ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या अ‍ॅडोबी या संस्थेने १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी संगणकीय भाषा प्रसिद्ध केली. अ‍ॅपल कंपनीचे लेझररायटर हे मुद्रणयंत्र व आल्डस कंपनीची पेजमेकर ही पृष्ठमांडणीची आज्ञावली १९८५ मध्ये उपलब्ध झाली आणि संपूर्ण पान संगणकावरच जुळविणे शक्य झाले. पोस्टस्क्रिप्ट ही वस्तुतः एक आज्ञावली-भाषा असल्याने तीत लिहिलेले पान प्रत्यक्ष चालवून पाहिल्याखेरीज त्याचा परिणाम कळत नसे. पानांची स्वतंत्र व स्थिर नोंद करणारे पीडीएफ हे स्वरूप अ‍ॅडोबीने १९९३ मध्ये आणले. पोस्टस्क्रिप्टपासून पीडीएफ बनविणारा डिस्टिलर हा रूपांतरकही त्याच वेळी आला. पुढे २००८ मध्ये पीडीएफ हे आयएसओ ३२००० या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक झाले.

१९९० नंतरच्या दशकात संगणकावरून थेट प्लेटवर लेसरने लेखन करणारी यंत्रे रूढ होऊ लागली व फिल्मची पायरी गळाली. वेळ व खर्च वाचला. परंतु प्रकाशित मेजावर फिल्म पसरून अनुभवी कारागिराने ती डोळ्यांखालून घालण्याची संधीही गेली. त्यामुळे फाइलीचीच परीक्षा घेणे अपरिहार्य झाले. जाहिराती अनेक ठिकाणांहून येत असल्याने ही गरज नियतकालिकांना विशेष जाणवली. तीतूनच मुद्रणासाठी पीडीएफच्या मोकळिकीवर बंधने घालणारे पीडीएफ/एक्स हे मानक निर्माण झाले. अमेरिकेत १९९९ मध्ये त्याची पहिली आवृत्ती राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. आयएसओ १५९३० या मालिकेत २००१ मध्ये पीडीएफ/एक्स-१ए, २००२ मध्ये पीडीएफ/एक्स-३, २००८ मध्ये पीडीएफ/एक्स-४ व २०२० मध्ये पीडीएफ/एक्स-६ ही मानके प्रसिद्ध झाली.

रूपांतराचे मार्ग : रूपांतराचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिल्यात मांडणीच्या आज्ञावलीतून पोस्टस्क्रिप्ट फाइल काढून ती डिस्टिलरसारख्या रूपांतरकातून जाऊ देतात. पोस्टस्क्रिप्टला पारदर्शकता ठाऊक नसल्याने या मार्गात पारदर्शक घटक आधीच सपाट करावे लागतात. दुसऱ्या मार्गात मांडणीची आज्ञावली पीडीएफ थेट बाहेर देते. त्यात पारदर्शकता आणि रंगांची माहिती टिकविता येते. नवीन कामासाठी सामान्यतः दुसरा मार्ग पत्करतात. दोन्ही मार्ग एकाच अंकासाठी मिसळून वापरल्यास सारख्या दिसणाऱ्या पानांत सूक्ष्म फरक पडतात. म्हणून मार्ग कोणताही असला, तरी तो सर्व पानांना एकच असावा.

तयार झालेले पीडीएफ छापखान्यातील रिप नावाच्या यंत्रणेकडे जाते. ती प्रत्येक रंगासाठी पानाचे सूक्ष्म बिंदूंत विघटन करते. प्लेट-लेखक यंत्राचे विभेदन दर इंचास २४०० बिंदू व छायाचित्राच्या जाळीच्या रेषा दर इंचास १५० असतील, तर जाळीच्या एका घरात १६ × १६ म्हणजे २५६ सूक्ष्म बिंदू बसतात आणि त्यांच्या संख्येवरून छटेची गडदता ठरते. रिपला फाइलीत जे सापडते तेच प्लेटवर उतरते. संपादकाचा हेतू तिला कळत नाही.

फाँट : प्रत्येक फाँट पीडीएफमध्ये अंतर्भूत करणे ही पहिली अट होय. पानात वापरलेली तेवढीच अक्षरे अंतर्भूत केली, तरी मुद्रणास पुरते व फाइल लहान राहते. फाँट न सापडल्यास काय करावे, यासाठी बहुतेक रूपांतरकांत दुर्लक्ष करणे, सूचना देऊन पुढे जाणे व काम रद्द करणे असे तीन पर्याय असतात. मुद्रणासाठी तिसराच पर्याय निवडावा. पहिल्या दोहोंत बदली फाँट वापरला जाण्याचा धोका असतो. बदली अक्षरांची रुंदी वेगळी असल्यास अक्षरे एकमेकांवर चढतात किंवा विरळ दिसतात. अक्षरांचे रेखाकृतींत रूपांतर करून ही अडचण टाळण्याची प्रथा आहे. परंतु त्यामुळे लहान अक्षरे किंचित जाड दिसू शकतात आणि मजकूर शोधण्याची सोय नाहीशी होते. म्हणून तो केवळ अखेरचा उपाय समजावा.

देवनागरी मजकुरात या अटीचे महत्त्व वाढते. युनिकोडपूर्व काळातील अनेक देवनागरी फाँटांत अक्षरांचे अवयव रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेले असत. असा फाँट अंतर्भूत झाला नाही, तर मराठी परिच्छेदाच्या जागी निरर्थक रोमन चिन्हांची रांग छापली जाते. असा घोटाळा निदान सहज दिसतो. युनिकोड फाँटाच्या बाबतीत चूक अधिक फसवी असते. बदली फाँटात शब्द वाचता येतो, पण ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे जाऊन हिंदी वळणे येतात. मजकुराची भाषा मराठी ऐवजी हिंदी अशी नोंदली असल्यास फाँट योग्य असूनही हाच परिणाम होऊ शकतो. मांडणीच्या आज्ञावलीत भारतीय लिप्यांची योग्य जुळणी-पद्धती निवडलेली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाते, रफार सुटा पडतो व जोडाक्षरे हलन्ताने तुटतात. ‘दुसऱ्या’, ‘कीर्ती’, ‘शक्ती’ व ‘लक्ष्य’ यांसारखे शब्द असलेला एक परिच्छेद चाचणीच्या पानावर ठेवल्यास असे दोष तत्काळ ध्यानात येतात. पीडीएफमध्ये अक्षराकृती जुळून स्थिर झालेल्या असतात. म्हणून त्यात ऐनवेळी एखादे अक्षर बदलण्यापेक्षा मूळ फाइल दुरुस्त करून पुन्हा रूपांतर करणे श्रेयस्कर होय.

प्रतिमा : छायाचित्राचे विभेदन साधारणपणे जाळीच्या रेषांच्या दुप्पट असावे. दर इंचास १५० रेषांच्या जाळीसाठी ते ३०० चित्रबिंदू होते. येथे प्रत्यक्ष छापील आकारातील विभेदन विचारात घ्यावयाचे असते. ३०० बिंदूंचे चित्र पानावर दुप्पट मोठे केले, की त्याचे परिणामी विभेदन १५० उरते. रूपांतरक जास्तीचे विभेदन कमी करू शकतो. नसलेला तपशील निर्माण करू शकत नाही. ए-४ आकाराच्या पानास ३०० च्या विभेदनाने २४८० × ३५०८ चित्रबिंदू लागतात व चार रंगांची ही माहिती न दाबता साठविल्यास सु. ३५ मेगाबाइट जागा व्यापते. म्हणून फाजील विभेदन कमी करणे इष्ट असते. उद्दिष्ट ३०० असेल, तर ४५० पेक्षा अधिक विभेदनाचीच चित्रे कमी करावीत अशी मर्यादा सामान्यतः घालतात. त्यामुळे उद्दिष्टाच्या जवळपास असलेली चित्रे विनाकारण पुन्हा मोजली जात नाहीत. काळ्या-पांढऱ्या रेखाचित्रांना छटा नसल्याने त्यांच्या कडा दातेरी दिसू नयेत यासाठी १२०० चे विभेदन ठेवतात. छायाचित्रांसाठी जेपेग संपीडन उच्च प्रतीवर ठेवावे. रेखाचित्रांसाठी व अक्षरे असलेल्या प्रतिमांसाठी माहितीचा ऱ्हास न करणारे संपीडन वापरावे. महाजालावरील वितरणासाठी फाइल लहान करणारा निर्देशसंच मुद्रणासाठी वापरणे हे धूसर छायाचित्रांचे एक नेहमीचे कारण आहे.

रंग व शाई : संगणकाचा पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाने रंग दाखवितो, चौरंगी छपाई सायन, मॅजेंटा, पिवळ्या व काळ्या शाईने तो निर्माण करते. या दोन पद्धतींतील बदल आयसीसी वर्णदर्शिकेच्या आधारे करतात. अशा वर्णदर्शिकांचे स्वरूप ठरविणारा आंतरराष्ट्रीय रंग संघ १९९३ मध्ये स्थापन झाला. ऑफसेट छपाईच्या प्रमाण परिस्थितीची व्याख्या आयएसओ १२६४७-२ या मानकात असून त्याची पहिली आवृत्ती १९९६ मधील आहे. कागद व छपाईची परिस्थिती निश्चित केल्याखेरीज ‘योग्य रंग’ या शब्दांना अर्थ राहत नाही. यासाठी पीडीएफ/एक्स फाइलीत अभिप्रेत मुद्रणपरिस्थितीची नोंद बंधनकारक असते. तुकतुकीत कागदासाठी केलेली जाहिरात वृत्तपत्री कागदावर जशीच्या तशी छापल्यास तिच्या गडद छटा भरून येतात.

एकाच ठिकाणी पडणाऱ्या चारही शाईंच्या टक्क्यांच्या बेरजेस एकूण शाई म्हणतात. तिची सैद्धांतिक कमाल ४०० टक्के होते. परंतु इतकी शाई वेगवान यंत्रावर वाळत नाही व समोरच्या कागदावर डाग पडतात. रीळ-कागदावरील तप्तशुष्क ऑफसेट छपाईत साधारण ३०० टक्के व वृत्तपत्री कागदावर साधारण २४० टक्के मर्यादा पाळतात. अंतिम आकडा संबंधित छापखान्याकडून घ्यावा.

काळा मजकूर हा स्वतंत्र विषय आहे. शब्दसंस्करण आज्ञावलीतून आलेला काळा मजकूर पुष्कळदा पडद्याच्या रंगपद्धतीत नोंदलेला असतो. त्याचे सरसकट रूपांतर केल्यास तो एकट्या काळ्या शाईऐवजी चारही शाईंत विभागला जातो. प्लेटी केसभर सरकल्या, तरी अशा बारीक अक्षरांभोवती रंगीत कडा दिसतात. म्हणून मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईतच राहील, असा निर्देश हवा. खास रंगांच्या नावांचीही छाननी करावी लागते. एकाच शाईचे नाव दोन जाहिरातींत निरनिराळे लिहिले असेल, तर यंत्रणा त्या दोन शाई समजते व एक जादा प्लेट तयार होते.

पारदर्शकता व अधिमुद्रण : सावली, विरळ होत जाणारी कडा यांसारखे परिणाम पारदर्शकतेने साधतात. पीडीएफमध्ये तिची सोय २००१ मधील १.४ आवृत्तीपासून आहे. एक्स-१ए व एक्स-३ या मानकांत ती वर्ज्य असल्याने पारदर्शक घटक रूपांतराच्या वेळीच सपाट करतात. त्यासाठी अक्षरे व रेषांना १२०० आणि छटांना ३०० असे विभेदन बहुधा नेमतात. सपाट केलेल्या भागांच्या सांध्यांवर पडद्यावर बारीक पांढऱ्या रेषा दिसू शकतात. सावलीखाली आलेली अक्षरे जाड होऊ शकतात. म्हणून मजकूर सर्वांत वरच्या थरात ठेवण्याची पद्धत आहे. एक्स-४ मध्ये पारदर्शकता जिवंत ठेवता येते व ती सोडविण्याचे काम रिपवर सोपविले जाते. मात्र छापखान्याची रिप तेवढी आधुनिक असल्याची खात्री आधी करून घ्यावी.

खालच्या रंगाला भोक न पाडता त्यावरच दुसरी शाई छापणे म्हणजे अधिमुद्रण. काळ्या लहान अक्षरांना ते उपकारक ठरते. प्लेटी थोड्या सरकल्या, तरी अक्षरांभोवती पांढरी कड येत नाही. परंतु पांढऱ्या अक्षरांना चुकून हाच गुणधर्म लागला, तर ती प्लेटवरून नाहीशी होतात. कारण पांढरी शाई नसतेच, तेथे कागद उघडा राहावा लागतो. सामान्य पीडीएफ-दर्शकात अधिमुद्रणाचे अनुकरण बंद असेल, तर ही अक्षरे पडद्यावर व्यवस्थित दिसतात. त्यामुळे अधिमुद्रणाचे निर्देश जतन करणे आणि त्यांचे अनुकरण चालू ठेवून पान पाहणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

पानाचा आकार : पीडीएफमध्ये पानाभोवती अनेक चौकटी नोंदता येतात. त्यांपैकी कापणीची चौकट अंतिम आकार दाखविते आणि ब्लीडची चौकट तिच्याबाहेर वाढविलेले चित्र सामावते. ए-४ म्हणजे २१० × २९७ मिमी. पानास प्रत्येक बाजूस ३ मिमी. ब्लीड दिल्यास ती चौकट २१६ × ३०३ मिमी. होते. ब्लीड नसल्यास कापणीतील थोड्या फरकानेही कडेला पांढरी पट्टी दिसते. पाने आपोआप फिरविण्याचा पर्याय बंद ठेवावा. अन्यथा आडव्या तक्त्याचे पान रूपांतरक स्वतःच वळवितो व फर्म्यातील मांडणी बिघडते. जोडपाने एकत्र न देता प्रत्येक पान स्वतंत्र द्यावे.

पूर्वतपासणी : विमानाच्या उड्डाणापूर्वी करतात त्या तपासणीवरून मुद्रणातील पूर्वतपासणी या संज्ञेचे इंग्रजी नाव पडले आहे. तयार फाइल ठरलेल्या नियमांशी ताडून पाहणे हे तिचे काम होय. फाइल पीडीएफ/एक्स मानकास धरून आहे एवढ्यावर समाधान मानणे योग्य नाही. ते मानक फाँट, रंगांचे स्वरूप व पानाच्या चौकटी यांचे नियम घालते. छायाचित्राचे किमान विभेदन किंवा एकूण शाईची मर्यादा ते ठरवीत नाही. ७२ चित्रबिंदूंचे धूसर चित्र असलेली फाइलही मानकाच्या कसोटीस उतरू शकते. बेल्जियममधील गेंट या शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गेंट कार्यगटाने अशा जादा अटींची भर घालून नियतकालिके, वृत्तपत्रे इत्यादींसाठी वेगवेगळी विनिर्देशपत्रे तयार केली आहेत.

तपासणीत दोष व इशारा यांत स्पष्ट भेद ठेवतात. फाँट नसणे, कापणीची चौकट नसणे किंवा परका रंग आढळणे हे दोष असून त्यांनी काम थांबलेच पाहिजे. विभेदन ३०० ऐवजी २४० असणे हा इशारा होय. त्याचा निर्णय माणसाने करावयाचा असतो. किरकोळ इशाऱ्यांचा भडिमार करणारी तपासणी शेवटी कोणी वाचत नाही आणि तिच्या गर्दीत खरा दोष निसटतो.

स्वयंचलित व्यवस्था : पुष्कळ पाने हाताळताना ठरावीक फोल्डरवर लक्ष ठेवणारा रूपांतरक योजतात. त्यात आवक, उत्तीर्ण व अनुत्तीर्ण असे वेगळे फोल्डर असावेत व मूळ फाइलीवर कधीही नवी फाइल लिहिली जाऊ नये. मोठी फाइल जाळ्यावरून येत असताना ती पूर्ण होण्यापूर्वीच रूपांतरकाने उचलली, तर अर्धवट पान तयार होते. म्हणून फाइलीचा आकार काही काळ स्थिर राहिल्यावरच ती घेण्याचा निर्देश द्यावा. फाइलीच्या नावात अंक, पान व आवृत्ती यांचे क्रमांक घातल्यास जुने पान नव्याच्या जागी जाण्याचा धोका कमी होतो.

निर्देशसंच ही एक स्वतंत्र फाइल असते. ती प्रकाशक, जाहिरातसंस्था व छापखाना यांनी एकच वापरावी. तिच्या नावात दिनांक असावा व तिच्यात बदल करण्याचा अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा. आज्ञावलीची नवी आवृत्ती बसविल्यावर तिच्यातील मूळ निर्देश बदललेले असू शकतात. यासाठी फाँट, अधिमुद्रण, पारदर्शकता व रंग यांच्या अवघड रचना असलेले चाचणीचे पान जुन्या व नव्या दोन्ही आवृत्तींतून काढून ताडून पाहतात. गेंट कार्यगटाचा व आल्टोना या नावाचा चाचणीसंच या कामासाठी उपलब्ध आहे. अंक छापावयास जाण्याच्या आठवड्यात कोणताही बदल करू नये, असा संकेत आहे.

महाराष्ट्रातील दिवाळी अंक या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या मनोरंजन मासिकाने १९०९ मध्ये सुरू केलेल्या या परंपरेत अंकाचा दिवस सणाने ठरलेला असतो व तो पुढे ढकलता येत नाही. मजकूर, चित्रे व जाहिराती अनेक हातांनी, निरनिराळ्या आज्ञावलींतून तयार होऊन अखेरच्या दिवसांत एकत्र येतात. अशा वेळी आधीच ठरलेला निर्देशसंच व चाचणीचे पान जाहिरातदारांना महिना-दोन महिने अगोदर पाठविण्याने शेवटच्या आठवड्यातील दुरुस्त्या पुष्कळ कमी होतात.

मर्यादा : रूपांतर व पूर्वतपासणी यांनी तांत्रिक दोष कळतात, आशयाचे दोष कळत नाहीत. गेल्या वर्षीची जाहिरात, चुकीच्या व्यक्तीच्या नावाखाली आलेले छायाचित्र किंवा शुद्धलेखनाची चूक असलेली फाइलही सर्व कसोट्यांवर निर्दोष ठरते. म्हणून रूपांतरित फाइलीवरूनच अखेरचे प्रूफ काढून ते संपादकाने वाचणे आवश्यक असते; मूळ मांडणीवरून काढलेले प्रूफ रूपांतरात झालेले बदल दाखवीत नाही. दीर्घकालीन जतनासाठी २००५ पासून पीडीएफ/ए हे निराळे मानक उपलब्ध असून तशी प्रत मूळ फाइलीवरून स्वतंत्रपणे तयार करतात. मुद्रणाची फाइल तिच्या निर्देशसंचासह व वापरलेल्या आज्ञावलीच्या आवृत्तीच्या नोंदीसह जपून ठेवल्यास पुनर्मुद्रणाच्या वेळी पूर्वीच्या अंकाशी मेळ घालणे सुकर होते.